बॉस फिल यांच्या मागे

संध्याकाळच्या बातम्यांना वीस मिनिटं उरली होती, तेव्हा क्लीटसनं निधनवार्तांचे कागद ऑर्नेलासमोर ठेवले आणि सगळ्यांत वरचा पालथा घातला. एरवी हा संपादक कागद टेबलावर भिरकावत असे.

"आज हे मी वाचतो," तो म्हणाला. "हवामान सांगून झालं की तू ऊठ."

ऑर्नेलानं कागद सुलटा केला. देन्नेरीचे फिल्बर्ट माथुरिन, ऊर्फ बॉस फिल, होड्या बांधणारे, वय एक्क्याऐंशी. हे तिला सकाळीच बाजारात मासळीवालीनं सांगितलं होतं, हात धरून. ती वाचत होती त्याच्या खालचं. पत्नी. चार मुलं. चौदा नातवंडं. ब्रुकलिनची बहीण. डॉमिनो खेळायला बसणारे तीन दोस्त, तेसुद्धा नावानिशी.

"डॉमिनोवाले आहेत बघ," ती म्हणाली.

"एक नाव घाल ना गं. कोण जाब विचारणार आहे? तू कुणाची ते सगळ्या बेटाला माहितेय. आरशात बघ, कपाळ त्याचंच उचललंयस."

"सगळ्यांना माहितेय ना? मग वाचायची काय गरज?"

खरं तर गरज होती. या बेटावर ऑर्नेला पोलियसनं सातच्या बातम्यांत नाव वाचल्याशिवाय माणूस गेला असं कुणी धरत नाही, तोवर नुसती कुणकुण असते. आणि गेलेल्या माणसाचं कोण कोण होतं, हेही तेव्हाच पक्कं होतं. बावीस वर्षं ती दुसऱ्यांचं हे पक्कं करत आली होती. आज पहिल्यांदाच तिला स्वतःसाठी ती एक ओळ हवी होती, आणि ती कागदावर नव्हती.

घरच्यांच्या यादीत अक्षराचाही फरक करायचा नाही, हा नियम तिनंच घातलेला. एका निवेदकानं एकदा दया येऊन कुणा बाईचं नाव घुसडलं होतं, तर दफनाच्या दिवशी चर्चच्या दारात छत्र्यांनी मारामारी झाली. तेव्हापासून यादीवर घरच्यांची सही लागे, आणि चूक निघाली तरी दुरुस्ती घरच्यांनी सांगितली तरच.

ती वाचायला बसली. आवाज कुठे हलला नाही. मुलांची नावं आली, तेव्हा मात्र दोनदा वाचून झालेल्या त्याच कागदावर तिची नजर पहिल्या लॅम्बर्टच्या वर आणि शेवटच्या जूनियाच्या खाली वेड्यासारखी शोधून आली. मग तिनं डॉमिनोवाल्यांपर्यंत सगळं नीट वाचलं, प्रेक्षकांचा निरोप घेतला आणि दिवे मंद होईपर्यंत हसरा चेहरा ठेवला. आत संताप होता. त्याहून जास्त लाज होती, सेहेचाळिसाव्या वर्षी एका ओळीसाठी एवढा जीव तुटावा याची.

बाहेर स्टुडिओचे फोन घेणारी युनीस घामाघूम झाली होती.

"हा सातवा," ती रिसीव्हर ठेवत म्हणाली. "देन्नेरीचा पाववाला. म्हणतो, यादी चुकलीय, परत वाचा. मी म्हटलं, घरच्यांनी सांगितल्याशिवाय नाही. तर मला विचारतो, बाई, तुम्हाला डोळे आहेत का?"

"त्याला म्हणावं, पाव करपेल. तिकडे लक्ष दे."

फोन पुन्हा वाजला. युनीसनं ऐकलं, खुर्चीत ताठ झाली आणि रिसीव्हर ऑर्नेलापुढे धरला. "त्याची बायको," तिनं नुसते ओठ हलवले.

मॅडम माथुरिन आणि ऑर्नेला आयुष्यात कधी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. देन्नेरीच्या रस्त्यात समोरासमोर आल्या, की एक जण पलीकडच्या कडेला जाई. बहुतेक वेळा ऑर्नेलाच.

"बातम्या देणाऱ्या बाई का?"

"हो."

"आवाज ओळखला मी. रोज सातला माझ्या घरात असायचा. बंद करा म्हटलं तरी ह्यांनी कधी बंद केला नाही." पलीकडे म्हातारी दम घ्यायला थांबली. "आज तुमच्याकडून चूक झालीय."

"मॅडम, आम्हाला दिला तोच कागद वाचला. खाली सही आहे."

"माझ्या लॅम्बर्टची. मी ह्यांच्या कोटाचं बटण लावत बसले होते, मी कागद बघितला नाही. मुलं पाच. त्यानं चार लिहिली."

युनीसनं दुरुस्तीची वही तिच्यापुढे सरकवली.

"प्रेमाचा उमाळा आलाय असं समजू नका," म्हातारी म्हणाली. "ते नाव मी माझ्या घरात कधी काढू दिलं नाही. अजूनही मला ते गोड लागत नाही. पण माणूस शवपेटीत आहे, त्याच्या नावावर खोटं नको. लिहून घेताय ना?"

"घेतेय." ऑर्नेलानं पेन उचललं आणि रोजच्या सवयीनं विचारलं, "नाव?"

"ऑर्नेला पोलियस."

तिनं लिहिलं. अक्षर लहान मुलीच्या अक्षरासारखं वेडंवाकडं आलं. "कितव्या क्रमांकावर घालायचं?"

"पहिल्या. ती सगळ्यांत थोरली. आणि उद्या वाचायला दुसऱ्या कुणाला तरी बसवा."

"का, मॅडम?"

"का काय? तिचे वडील गेलेत."