वायपरचा खटका

"ही गाडी परक्याच्या हातात जाणार नाही. सांगून ठेवते," बाई म्हणाल्या आणि गाडीच्या उघड्या दाराशी खुर्ची ओढून बसल्या.

मुलाने घड्याळ पाहिलं. पावणेचार. ग्राहक पाचला येणार होता.

"आई, पुन्हा पहिल्यापासून नको. बाबांनी जाण्याआधी गाडी माझ्या नावावर केली, माझ्याकडे माझी गाडी आहे. तुला चालवता येत नाही. ही इथे उभी राहून गंजणार."

"मी तुझ्याकडे काही मागितलं का?"

"नाही. पण तोंड बघ कसं केलंयस."

"तोंड माझं आहे. मी ते कसंही करीन."

वायपरचा खटका बदलायला आलेला मिस्त्री खाली मान घालून हसला. बाईंनी त्याला सातवीत शुद्धलेखन शिकवलं होतं. पाना हातातून सटकला तरी त्यांच्यासमोर तो अजून शिवी गिळायचा. त्याने बॅटरीची तार सोडवली, गाडीत शिरला आणि त्याचे दोन्ही गुडघे स्टेअरिंगवर आपटले.

"आई गं! सीट एवढी पुढे? आणि ही उशी कुणाची?"

"उशी उन्हाला ठेवलीय. काचेतून ऊन छान लागतं," बाई म्हणाल्या. "झाडताना सरकली असेल सीट."

मिस्त्रीने सीट मागे ढकलली. स्टेअरिंगखालच्या कव्हरचे तीन स्क्रू काढून त्याने ते ओळीने बाईंच्या तळहातावर ठेवले. बाईंनी मूठ मिटली.

"हरवू नका हं, बाई."

"तुझी वही हरवायची रे, माझं काही हरवत नाही."

मुलगा अंगणात येरझाऱ्या घालत होता. घर टेकडीवर होतं. खालपर्यंत जाणारी बस गेल्या वर्षी बंद झाली होती. दुकान, दवाखाना, वाचनालय, सगळं खाली.

"गाडी गेली की या घरालाही कुलूप लावू," तो म्हणाला. "पुढच्या रविवारी तू आमच्याकडे. खोली रंगवून तयार आहे."

"कुठला रंग?"

"पिवळा."

"मग मुळीच नाही."

"आई, चेष्टा नाही. बस नाही, गाडी नाही. एकटी इथे कशी राहणार तू?"

"राहीन."

"कशी, ते सांग ना!"

"सांगून राहायचं असतं का?"

मुलाने कपाळावर हात मारला. लहानपणी गणित अडलं की तो असाच कपाळ बडवायचा. बाईंनी नजर वळवली.

मिस्त्रीने कव्हरचे दोन भाग अलग केले, आतली दोन टोकं दाबली आणि जुना खटका बाजूला ओढून काढला. तो उजेडात धरून त्याने उलटसुलट पाहिला.

"दोन वर्षं गाडी बंद ना? मग हा इतका झिजला कसा? वायपरचं रबरही कोरड्या काचेवर घासून गेलंय. असं शिकाऊ लोक करतात. वळताना इंडिकेटर द्यायचा सोडून हाच ओढतात."

"बाबा काय शिकाऊ होते?" मुलगा म्हणाला. "आई शेजारी बसून सूचना द्यायची, त्यात गोंधळायचे बिचारे."

"तीस वर्षं शेजारी बसले," बाई शांतपणे म्हणाल्या. "एकदा म्हटलं, मला शिकवा. म्हणाले, तुला कुठे जायचंय ते सांग, मी आहे ना."

"बरोबरच म्हणाले. आता मी आहे."

"तू रविवारी असतोस."

"रोज फोन करतो की. सकाळी सातला तूच उचलत नाहीस."

"फिरायला जाते सकाळची."

नवा खटका खाचेत सरकला आणि बसल्याचा आवाज आला. मिस्त्रीने जोडणी दाबली, कव्हर चढवलं आणि हात पुढे केला. बाईंनी एकेक करून तिन्ही स्क्रू परत दिले.

"पण ग्राहक भला दिसतो," मुलगा समजावणीच्या सुरात म्हणाला. "कधी बोलला नाही, नुसते निरोप लिहितो. किमतीत घासाघीस नाही, काही नाही. हे बघ." त्याने फोनवरचा निरोप वाचून दाखवला. "'गाडी पसंत आहे. कृपया वायपरचा खटका नवा बसवून द्यावा. पाच वाजता घेऊन जाईन.' पूर्णविरामसुद्धा जागच्या जागी. असा माणूस गाडी नीट सांभाळेल, आई."

"खटका म्हणतो?" मिस्त्री हसला. "आजकाल सगळे स्विच म्हणतात."

"खटकाच म्हणावं," बाई म्हणाल्या. "चांगला शब्द आहे."

मिस्त्रीने बॅटरी जोडली, काचेवर पाणी सोडलं, दांडी खाली केली. वायपर डावीकडून उजवीकडे गेला, परत आला. काच लखलखीत झाली. बाई उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी ते तीनदा करून घेतलं. मग पुसायला कापड दिलं.

पाचला पाच कमी असताना मिस्त्री हत्यारं गोळा करून गेला. मुलगा फाटकापाशी जाऊन उभा राहिला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

बाई घरात गेल्या आणि बाहेर आल्या तेव्हा पायात बूट होते, खांद्याला पर्स. त्यांनी उशी पुन्हा जागेवर ठेवली, सीट पुढे घेतली आणि स्टेअरिंगमागे बसल्या.

मुलाने वळून पाहिलं. त्याचा आवाज मऊ झाला.

"बस, आई. शेवटचं बसून घे. मी काही म्हणत नाही."

त्याने पाठ फिरवली आणि ग्राहकाला लिहिलं, 'कुठपर्यंत आलात?'

गाडीत बारीक घंटी वाजली.

बाईंनी पर्समधून एक फोन काढला. असा फोन आईकडे मुलाने कधी पाहिला नव्हता. त्यांनी चष्मा नाकावर सारखा केला, एका बोटाने सावकाश लिहिलं, एकदा वाचून पाहिलं आणि पाठवून दिलं.

मुलाच्या हातातला फोन थरथरला.

'आले आहे. कृपया शेजारी बसावे. पट्टा लावावा.'