निळा ठिपका

पालीच्या रतनबाई प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांची अश्विनी माझ्या नववीच्या वर्गात होती. ती जाऊन महिना झाला होता.

“सर, तिच्या गालातलं कायतरी तुमी काचंवर घेतलं व्हतं. घरी येऊन लई हौसेनं सांगत व्हती. दहाव्याला भावकीनं तिची कापडं, वह्या, समदं नदीत सोडलं. घरात तिचं चिमूटभर काय ऱ्हायलं न्हाई. तेवढं दाखवा मला.”

“गालाच्या पेशी होत्या त्या. बसा, शोधून आणतो,” म्हणत मी कपाटाआड गेलो. थोड्या वेळानं काचपट्टी आणून सूक्ष्मदर्शकाखाली लावली.

रतनबाईंनी एक डोळा मिटला आणि दुसरा भिंगाला लावला.

“जित्या हायत का वो ह्या?”

“नाही.”

“मधी ह्यो निळा ठिपका कसला?”

“केंद्रक म्हणतात त्याला. गालाच्या प्रत्येक पेशीत असतं.”

“न्हाई सर. ह्यो तिच्या हनुवटीवरचा तीळ हाय. म्या वळखला.”

त्यांनी काचपट्टी मागितली. माझ्यानं नाही म्हणवेना. ती पदरात गुंडाळून, छातीशी धरून त्या एसटीच्या थांब्याकडे निघाल्या.

शाळेत काचपट्ट्या मोजक्याच आहेत. अश्विनीची मी त्याच तासाला धुऊन पुढच्या मुलाच्या हातात दिली होती. कपाटाआड घाईघाईत काडीनं खरवडलेला माझा गाल आतून अजून झोंबत होता.