एकोणचाळीस ठिपके

संशोधनाला मोठा पुरस्कार मिळाला, तसा त्याचा आलेख फ्रेम करून विभागाच्या दाराशीच लागला. नवं औषध घेतलेल्या प्रत्येक आजारी मुलाचा एक ठिपका. प्रयोगशाळेत नळ्या धुणारे मामा हात पुसत संशोधक बाईंपाशी आले. “मॅडम, यातली आमची छकुली कुठली?” मामांची लेक छकुली प्रयोग अर्ध्यावर असतानाच गेली होती. नोंदी अपुऱ्या, म्हणून नियमाप्रमाणे तिचा ठिपका वगळला होता. तोही बाईंनीच, एक बटण दाबून. चाळीस मुलं, एकोणचाळीस ठिपके. मामा चष्मा सारखा करून वाट बघत होते. बाईंनी दिसेल त्या ठिपक्यावर बोट टेकवलं. “ही.” “अरे वा, सगळ्यांच्या वर!” मामा हसले. “घरीही कपाटावर चढून बसायची. उद्या तिच्या आईला आणतो दाखवायला. पोरीने एवढ्या सुया उगाच सोसल्या, असं म्हणून अजून रडत असते.”