एका साच्यातली वाक्यं

कंपनीचं इंग्रजी पत्र वाचता वाचता नूतन मॅडमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कंपनीच्या मालवाहू बार्जच्या लाटांनी धरमतर खाडीचा बांध फुटला, खारं पाणी भातात शिरलं, म्हणून गावाने अर्ज केला होता. त्यावर कंपनीने तीन वाक्यांत उत्तर दिलं होतं. बांध फुटलेला नाही. पाणी शिरलेलं नाही. पीक गेलेलं नाही.

तिन्ही वाक्यं एका साच्यातली, एका मापाची, खणखणीत. असं इंग्रजी गावात एकट्या प्रणितला यायचं, कारण शाळेत त्याच्याकडून ते घोटवून घेतलं होतं मॅडमनीच. "वाक्यं एका चालीत ठेव, म्हणजे वाचणाऱ्याला पटतात." आता तो त्याच कंपनीत साहेबांची पत्रं लिहायचा.

पत्र मुठीत चुरगाळून मॅडम तडक बांधावर गेल्या. ओहोटी लागली होती. गावच्या रिवाजाप्रमाणे घरटी एक माणूस चिखलात उतरून भगदाड बुजवत होता. प्रणितही आला होता, म्हाताऱ्या बापाच्या जागी, कंपनीचा शर्ट काढून, डोक्यावर मातीचं घमेलं घेऊन.

मॅडमच्या मुठीतला कागद बघून तो जागीच थबकला.

"साहेबांनी सांगितलं तसं लिहिलं, मॅडम. वाक्यं तरी बरोबर हायत ना?"

"वाक्यं एकदम बरोबर हायत!" मॅडम कडाडल्या. "पण बांध फुटलेलाच नाय, तर ही माती कुणाच्या मढ्यावर घालतोस?"