रोजची गोळी

एका पायात बूट आणि दुसऱ्यात सैल चप्पल घालून रिटायर्ड लिफ्टमनकाका लंगडत दवाखान्यात आले. अंगठा टम्म सुजला होता. सोबत येणाऱ्यासाठी ठेवलेल्या रिकाम्या खुर्चीवर त्यांनी पिशवी ठेवली.

रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाई वैतागल्या. "काका, ठणका लागला की गोळी सुरू आणि थांबला की बंद, असं नाही चालत! दुखत नसलं तरी यूरिक अ‍ॅसिड आत साचत राहतं, किडन्या खराब होतात. एकच गोळी, पण रोज. कळलं?"

काकांनी मान डोलावली. बाईंचं पेन मागून घेतलं, रिपोर्टच्या मागे एक फोन नंबर लिहिला आणि कागद पुढे सरकवला.



"हेच जरा माझ्या मुलालाही समजवाल? त्याचेही फोन, मला ठणका लागला की सुरू आणि थांबला की बंद."