सातव्या हिरवळीतला उंचवटा

बंगळूरच्या गोल्फ मैदानावर सातव्या हिरवळीत एक लहानसा उंचवटा होता. भोकाकडे निघालेला चेंडू तिथं हमखास वळायचा. मैदान आखणाऱ्या साहेबाच्या डोक्याचं सगळे कौतुक करत. एकोणसाठ सालच्या मोठ्या स्पर्धेआधी नवे सेक्रेटरी सुधींद्रराव माळ्याला म्हणाले, "मल्लाप्पा, पाहुणे खेळाडू कुरकुरतात. उद्या हा सपाट करून टाक."

"सरी, करतो साहेब." मल्लाप्पा उंचवट्यावरच्या गवतावरून हात फिरवत राहिला. "आज तेवढं माझ्या बायकोला आत सोडा."

"तिला कशाला?"

"मैदान व्हायच्या आधी पोराला इथं पुरलं, तेव्हा ती बाळंतिणीच्या खाटेवर होती. तिनं अजून जागा बघितलेली नाही."