रामलिंगमामांची शिट्टी

संध्याकाळचे क्लास सुटले आणि लातूरच्या त्या चौकात सायकलीच सायकली झाल्या. डॉक्टर व्हायला गावोगावहून आलेली पोरं. रस्त्यावर लक्ष कमी, डोक्यात फॉर्म्युले जास्त. त्यांना सुखरूप पलीकडे काढायचं काम ट्रॅफिकच्या रामलिंग जमादारांचं. त्यांच्या ड्युटीत एकाही पोराला साधं खरचटलं नव्हतं. याचा त्यांना भलता अभिमान होता, आणि तो शोभायचाही.

मामांनी शिट्टी ओठांत धरून हात वर केला. शिट्टी वाजली, ऑटो, ट्रक, एसटी सगळे जागीच थांबले. वाजवली मात्र चौकाच्या दुसऱ्या कोपऱ्यावर ड्युटीला असलेल्या कॉन्स्टेबल पंचशीलाने.

वर्षानुवर्षांच्या धुराने मामांची छाती कामातून गेली होती. दिवाळीपासून त्यांच्या शिट्टीतून नुसती हवा यायची. रस्ता सोडा, नाहीतर पुढच्या वर्षी जिना चढता येणार नाही, असं डॉक्टरांनी पंचशीलादेखत बजावलं होतं. मामांनी तिला शपथ घातली, कुणाला सांगायचं नाही. तिने सांगितलं नाही. उलट मामांचा हात वर गेला की आपण शिट्टी फुंकायची, हे तिनेच सुरू केलं. बिचारीला वाटलं, आपण मामांना सांभाळतोय.

तेवढ्यात नवे साहेब जीपमधून उतरले. मामांचं नाव ऐकून ते मुद्दाम काम बघायला आले होते. धुराने त्यांनी लगेच रुमाल नाकाला लावला. मामा मात्र खोकला गिळून ताठ उभे राहिले. पोरांचा पुढचा लोंढा आला, तसा त्यांनी हात वर केला.

पंचशीलाने या वेळी शिट्टी ओठांना लावलीच नाही. ती सरळ रस्त्यात उतरली आणि दोन्ही हात पसरून ट्रकसमोर उभी राहिली. ट्रक थांबला. पोरं गप्पा मारत पलीकडे गेली.

मामा अजून शिट्टी फुंकत होते. गाल फुगले, डोळ्यांत पाणी आलं, आवाज काही निघेना. मग खोकल्याने त्यांना वाकवलं. साहेबांना काही विचारावं लागलं नाही. त्यांनी मामांना धरून जीपमध्ये बसवलं आणि उद्यापासून ऑफिसात बसायचं, असं हलक्या आवाजात सांगितलं.

पंचशीला पाण्याची बाटली घेऊन आली. मामा तिच्याकडे बघेनात.

"आजच का गं न्हाई वाजिवलीस?"

"इतके दिवस वाजिवली, तेच चुकलं मामा."

मामा घोटभर पाणी प्यायले. पंचशीलाचा मास्क हनुवटीवर ओढलेला होता. शिट्टी फुंकायची तर तो तसाच ठेवावा लागतो. मामांनी हात लांबवून तो तिच्या नाकावर चढवला.

"मग शिट्टी कशी फुकू?"

"कशाला पायजे?" मामा म्हणाले. "तुझ्या हाताला ट्रक थांबला की आत्ता."